नमुना चार

“झाला का नमुना, यमाजीकाका?” हितेशने छापखान्याच्या दारातूनच विचारलं.

“कुठला म्हणताय, शेठ? हितं रोज चार येत्यात,” यमाजी म्हणाला. मान काही त्याने वर केली नाही. चार वेळा ‘भारतीय’ जुळवायचं होतं आणि शिशाचे ‘भ’ तीनच सापडले होते. चौथा झिजून ‘म’सारखा दिसत होता. संपादक मारतीय छापला असता तरी कुणाचं काही बिघडलं नसतं, पण यमाजीचं बिघडलं असतं. त्याने शिशाच्या खिळ्यांच्या पेटीचं, म्हणजे केसचं, खालचं खोकं ओढलं आणि धुळीतून एक धडका ‘भ’ शोधून काढला.

मार्च उजाडला की हे काम ठरलेलं. सरकारचा नियम असा की, ज्याचा पेपर असेल त्याने फेब्रुवारी सरल्यावरच्या पहिल्या अंकात आपल्याच पेपरात छापून जगाला सांगायचं, हा पेपर निघतो कुठे, छापतो कोण, संपादक कोण आणि मालक कोण. या वार्षिक कबुलीजबाबाला ‘नमुना चार’ म्हणतात. नारायणगावच्या ‘साप्ताहिक गावदवंडी’चा मुद्रक यमाजी भिमाजी बरकडे, प्रकाशक यमाजी भिमाजी बरकडे, संपादक तोच आणि मालकही तोच. एवढा मोठा माणूस पेठेत दुसरा नव्हता. फक्त चहाला बाहेर जायचं झालं तर त्याला हितेशला विचारून जावं लागे.

सगळ्या नावांपुढे ‘राष्ट्रीयत्व : भारतीय’ असं असे. बावीस वर्षांत त्या चौकटीतला तेवढाच मजकूर खरा होता.

अर्थात पहिली चौदा वर्षं या खोट्याला एक अब्रू होती. फतेचंदशेठ, म्हणजे हितेशचे वडील, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापता छापता पेपर काढून बसले. बाजारातल्या एका आडत्याचा काटा क्रेटमागे दीड किलो टोमॅटो गिळतो, हे त्यांना काट्याच्या नंबरासकट छापायचं होतं. आडता खटला भरणार हे नक्की होतं. वकील म्हणाला, तुमचं दुकान, तुमची पेठेतली पत, तुम्ही पेपरावर दुसऱ्याचं नाव घाला. दुसरा कोण, तर पिंपरी पेंढारहून पंधराव्या वर्षी मेंढरं सोडून आलेला आणि आता अंधारातही खिळे जुळवणारा यमाजी.

“यमाजी, उद्या आत जायची वेळ आली तर जाशील?” फतेचंदशेठनी सरळ विचारलं होतं.

“तुमी डबा आणणार का, शेठ?”

“आणीन. पण आमच्यात कांदा-लसूण नसतो बघ.”

“मंग आत कमीच दिस ऱ्हाईन.”

खटला झालाच, आणि सहा वर्षं चालला. प्रत्येक तारखेला फतेचंदशेठ त्याच्या शेजारी त्याच बाकावर बसले. नाव यमाजीचं, पण बूड दोघांचं. तेव्हा पेपर अकराशे खपायचा. शिनोलीच्या जीपवाल्याने गठ्ठा टाकायला उशीर केला तर शुक्रवारच्या घोडेगावच्या बाजारात लोक शिव्या द्यायचे, आणि पेपर उशिरा आला म्हणून शिवी मिळणं यापरता मान पेपराला दुसरा नसतो.

फतेचंदशेठ चौऱ्याण्णव साली गेले. हितेशने पुढच्या दालनात कॉम्प्युटर आणि ऑफसेट बसवलं आणि गावदवंडी मागच्या खोलीत, पायाने मारायच्या जुन्या ट्रेडल यंत्रावर, यमाजीच्या गळ्यात राहिली. कारण साधं होतं. प्रती निघत तीस. तीस प्रतींसाठी ऑफसेटची प्लेट कोण करणार? एक दिल्लीला, एक पुण्याला, एक तालुक्याच्या कचेरीत, एक पोस्टात, काही वकिलांना आणि उरलेल्या फायलीला. कागदोपत्री मात्र खप चार हजार नऊशे, तसा हिशेबनीसाचा शिक्क्याचा दाखला. मधले चार हजार आठशे सत्तर वाचक कोण, हे देवालाही सांगता आलं नसतं. पण ते होते म्हणून सरकारी जाहिराती होत्या, आणि मुख्य म्हणजे जाहीर नोटिसा होत्या. कायदा म्हणतो, नोटीस स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध करा. ते कुणाच्या हाती पडलं पाहिजे असं कायदा म्हणत नाही. कायद्याला सगळं कसं सांगायला जमेल? बिचाऱ्याला इतर कामं असतात.

तीन वर्षांपूर्वी हा पेपर भगवंतरावाने घेतला. भगवंतराव हायवेकडेच्या जमिनींचे तुकडे पाडून विकत असे. व्यवहार हितेश आणि भगवंतराव यांच्यात स्टॅम्पपेपरवर झाला. सरकारदरबारी मालक असलेला यमाजी त्या दिवशी पलीकडच्या खोलीत रॉकेलने रूळ पुसत होता. मालकी बदलली आणि मालकाला ती पेढा हातात पडल्यावर कळली.

भगवंतरावाने पेपर वाचण्यासाठी घेतला नव्हता, दाखवण्यासाठी घेतला होता. जीपच्या काचेवर ‘प्रेस’ चिकटलं. मग ओळखपत्रं निघाली. दोन मेहुण्यांना, एका वाळूच्या ट्रकवाल्याला, आणि शेजाऱ्याची विहीर बुजवल्याचा गुन्हा अंगावर असलेल्या एका इसमाला. प्रत्येक ओळखपत्रावर ‘संपादक’ या शब्दावर यमाजीची सही. ट्रकवाला सहीचं पत्र घेऊन म्हणाला होता, “संपादक, आता पोलिसानं अडवलं तर मी काय बोलू?” यमाजी म्हणाला, “गाडीत बातमी हाय म्हन.” तेव्हा सगळे हसले होते. यमाजीही हसला होता. ते हसू पुढे त्याला पुष्कळ दिवस आंबट ढेकरासारखं येत राहिलं.

“नमुना राहू दे, आधी ही नोटीस घ्या,” हितेशने वकिलाचा कागद केसवर ठेवला. “तिसऱ्या पानावर, खाली. बारीक टायपात.”

खिळे जुळवणारा कंपोझिटर मजकूर वाचत नाही, अक्षरं वाचतो. कागदावर डोळा, खान्यात बोट, आणि डोकं भलतीकडे, ही या धंद्यातली हुशारी. यमाजीने ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ डोळे मिटून जुळवलं. मौजे पिंपरी पेंढार आलं, गटनंबर आला, कैलासवासी सोमाजी कोकरे आले. पुढे होतं : ‘यांचे एकमेव वारस श्री. रखमाजी सोमाजी कोकरे यांचे मालकीची व वहिवाटीची’.

ए, क, मे, आणि ‘व’वर बोट थांबलं.

सोमाजी कोकरे यमाजीच्याच आळीतला. त्याला रखमाजी मुलगा होता हे खरं. पण त्याच्याहून थोरली बानूबाईही होती. आळीतली सगळी पोरं तिला अक्का म्हणत, यमाजीही. म्हाताऱ्याच्या शेवटच्या चार वर्षांत त्याचं हगणंमुतणं तिने काढलं होतं, आणि त्या जमिनीतला पूर्वेचा तुकडा बापाने ‘हा तुझा’ म्हणून पंचांदेखत तिला दाखवला होता. दाखवला होता; लिहिला नव्हता. तिचा नवरा अजून मेंढरं राखून होता. दिवाळी झाली की त्यांचा कळप माळशेज उतरून कोकणात जाई, तो आखाडाच्या तोंडाला परत येई. गावात घराला कुलूप.

पुढचा मजकूर यमाजीने खिळ्याला हात न लावता वाचला. कुणाचा हक्क वा हितसंबंध असल्यास नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यावी. अन्यथा तसा हक्क नाही, असल्यास तो सोडून दिला आहे असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल.

“शेठ, ह्यात एक भन ऱ्हायली.”

“काय राहिली?”

“भन. भईन. बानूआक्का. ती कोकणात हाय मेंढरं घेऊन. सात दिसांत तिला कुठनं कळायचं?”

हितेशने चष्मा काढून पुसला. तो वाईट माणूस नव्हता. वाईट व्हायला जरा उठबस करावी लागते, तेवढाही त्याला उरक नव्हता. “काका, नोटीस द्यायची असते. ती वाचलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय?”

“पन ‘एकमेव’ खोटं हाय.”

“ते वकिलाने लिहिलंय. आपण छापतो. अंकाच्या शेवटी आपण टाकतोच ना, ‘मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही’? तुम्ही सहमत होऊ नका. कोण जबरदस्ती करतंय?”

बाहेर जीप थांबली. भगवंतराव आत आला, रुंद, हसरा, कपाळाला गंध. छापखान्यात तो नेहमी नाकाला रुमाल लावून यायचा. शाईचा वास त्याला सोसत नसे.

“काय मालक, चाललाय न्हवं आमचा पेपर?” तो यमाजीला नेहमी मालक म्हणे. गावात बैलाला राजा म्हणतात तसं.

“भाऊ, ह्या नोटिशीत एक भन ऱ्हायलीया,” यमाजी पुन्हा म्हणाला.

“ऱ्हायली न्हाई, ठेवली,” भगवंतराव मोकळेपणाने म्हणाला. “रखमाजीनं साडी न्हेली व्हती तिच्याकडं, हक्कसोडावर अंगठा दे म्हणून. ती म्हणली, मला साडी नगं, माजा तुकडा दाव. मंग आता काय करायचं, सांग तूच. लई शानी बाय हाय.”

“शानी हाय तर नाव घाला तिचं.”

“अरं वा! संपादक बोलाय लागलं,” भगवंतराव हितेशकडे बघून हसला. मग रुमाल काढून यमाजीच्या खांद्यावर हात ठेवला. “हे बघ राव. तू आमच्यासाठी एवढं करतो, तुजं वाईट आमी बघनार न्हाई. पन एक ध्यानात ठेव. उद्या कोन म्हणलं खोटं छापलं, तर ह्या पेपरात माजं नाव कुठं हाय ते शोधून दावायचं. हाय का कुठं? आता तुजं शोध.” त्याने केसवरचा अर्धवट नमुना चार उचलला, उलटी अक्षरं त्याला वाचता येईनात, म्हणून तसाच खाली ठेवला. “सापडल का न्हाई ढिगानं?”

तो गेला. जाताना शाई लागलेला हात त्याने दाराच्या पडद्याला पुसला.

दुपारी यमाजीने जेवणाचा डबा उघडला नाही. त्याने कपाटातून आठ वर्षांची फाईल खाली ओढली आणि स्वतः जुळवलेला पेपर आयुष्यात पहिल्यांदा वाचला. चारशे अंक. तिसरं पान, खालचा कोपरा. ‘ठावठिकाणा लागत नाही’ अशी नोटीस निघालेली शिनोलीची एक म्हातारी त्याला आठवली. त्या वर्षी घोडेगावच्या बाजारात तिच्याकडून तो दर शुक्रवारी घेवडा घेत असे. घेवडा घेऊन येऊन त्याने तिला बेपत्ता जुळवलं होतं. ‘निपुत्रिक वारली’ असं छापलेल्या बाईचा मुलगा याच छापखान्यात आईच्या तेराव्याची कार्डं छापायला आला होता. एक नोटीस, दुसरी, दहावी. प्रत्येक अंकाच्या शेवटी, बारीक अक्षरात, छापणारा यमाजी भिमाजी बरकडे. भगवंतराव खोटं बोलत नव्हता. नाव ढिगानं सापडत होतं.

त्याला शिसारी आली. भगवंतरावाची नव्हे, हितेशचीही नव्हे, स्वतःच्या बोटांची. ही बोटं काना-मात्रा चुकली तर रात्रभर झोपू देत नसत, आणि माणसं गाळत होती तेव्हा निवांत होती.

आता नोटीस काढून टाकावी, हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण नोटिशीचं कात्रण वकिलाला जातं. ती गळली तर तासाभरात कळणार होतं. तेवढी छाती त्याची झाली नाही. त्याने दुसरा मार्ग काढला, आणि तो मार्ग फक्त कंपोझिटरच काढू जाणे. चौतीस वर्षं खिळे जुळवलेल्या माणसाची एक अंधश्रद्धा असते : छापलेलं कुणीतरी वाचतंच.

त्याने नोटीस शब्दनशब्द जुळवली. मग नमुना चारमधली मालकाची ओळ मोडली आणि नवी घातली : ‘मालक : भगवंतराव, जमिनीचे व्यापारी, नारायणगाव. यमाजी भिमाजी बरकडे हे नावापुरते असून पगारी कंपोझिटर आहेत. तिसऱ्या पानावरील नोटिशीत मयताची मुलगी बानूबाई हिचे नाव वगळले आहे.’ खाली ठरलेलं वाक्य : ‘वरील तपशील माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे.’ ट्रेडलवर पाय मारताना त्याचा ताल चुकला आणि पहिल्या दोन प्रती तिरक्या निघाल्या.

तीसपैकी पोस्टाने जायच्या तेवढ्या प्रती हितेशने स्वतः गुंडाळल्या, तिकिटं लावली आणि पोस्टात टाकल्या. नोटिशीचं कात्रण कापून वकिलाला दिलं. त्याच कागदाच्या पाठीमागे नमुना चार होता. कात्री बरोबर ‘मालक’मधून गेली.

रविवार गेला. सोमवारी यमाजी फोन वाजला की दचकायचा. कचेरीतून विचारणा येईल, वकील धावत येईल, भगवंतराव कॉलर धरील. कॉलर धरली तर काय बोलायचं, हेही त्याने ठरवून ठेवलं होतं. सोमवारी लग्नपत्रिकांचे दोन फोन आले.

मंगळवारी दुपारी भगवंतराव जीपच्या बॉनेटवर भेळ खात उभा होता. खाली पसरायला त्याने हितेशकडून कागद मागितला आणि हितेशने उरलेल्या प्रतींतली एक दिली. यमाजी दारात उभा राहून बघत होता. भेळ बरोबर नमुना चारवर होती. शेवेचं तेल हळूहळू पसरत ‘भगवंतराव’वर आलं, ‘जमिनीचे व्यापारी’ पारदर्शक झालं. भगवंतरावाने शेवटचा घास त्याच्या स्वतःच्या नावावरून निपटून घेतला, कागदाचा बोळा केला, त्यालाच तोंड पुसलं आणि गटारात टाकला.

“तिखट कमी व्हतं,” तो कुशाबाला, आपल्या ड्रायव्हरला, म्हणाला.

सत्य सरकारदरबारी दाखल झालं होतं. रजिस्टर झालं होतं. त्याच्यावर पोस्टाचे शिक्के पडले होते. आणि कुत्रंही भुंकलं नव्हतं. यमाजीला एकाएकी कळलं की, आपण बानूअक्काची नोटीस जिथे पुरली, तिच्याच शेजारी आपली फुशारकी पुरली. खड्डा एकच.

बुधवारी सकाळी तो कामावर गेला नाही. एक प्रत बंडीच्या आतल्या खिशात घालून तो कल्याणच्या एसटीत बसला, ओतूर ओलांडून माळशेज उतरला, आणि टोकावड्याला चहाच्या टपरीवर विचारत, वाटेतल्या लेंड्यांचा ताजेपणा बघत, उन्हं कलता कलता कापलेल्या भाताच्या एका खाचरात पोचला. मेंढरं बसलेली होती. बानूबाई तीन दगडांच्या चुलीपुढे होती. साठीची, वाळलेल्या लाकडासारखी, कपाळावर गोंदण. तिने डोळ्यांवर हात धरला.

“यमा न्हवं का तू? कोन गेलं रं?”

“कुनी न्हाई गेलं, आक्का.”

“मंग एवढ्या लांब कशापायी आला? बस. च्या घे. दूध हाय मेंढीचं, तुला आता सोसतंय का न्हाई कुनास ठाऊक. तू पेपरवाला मानूस.”

चहा झाल्यावर त्याने कागद काढला. तिला वाचता येत नव्हतं. त्याने मोठ्याने वाचलं. ‘तमाम लोकांस’पासून. तिचा नवरा दाढी खाजवत लांब उभा राहून ऐकत होता. ‘एकमेव वारस’ला ती हलली नाही. ‘सोडून दिला आहे असे समजून’ला तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“समजून म्हंजी? कुनी समजून?”

“घेनाऱ्यानं.”

“मला न इचारता?”

“तसंच अस्तंय ते. सात दिसांत तू बोलली न्हाईस तर.”

“आनि सात दिस कधी सरत्यात?”

“सनवारी. पर सनवारी कचेरी बंद. शुक्करवारीच काय ते.”

तिने मागे ओढलेलं लाकूड मातीत विझवलं. मग म्हणाली, “तमाम लोकांस म्हणतोस. किती लोकांनी वाचलं?”

“तू पयली.”

तिच्या नवऱ्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. तिने कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, नाकाशी नेऊन वास घेतला.

“छापलं कुनी हे?”

यमाजी वाटेत पाच तास याच प्रश्नाचं उत्तर जुळवत आला होता. भगवंतराव, हितेश, वकील, कायदा. सगळे खिळे हाताशी होते. पण त्या काटक बाईपुढे एकही उचलला गेला नाही.

“म्या,” तो म्हणाला.

“तुला ठावं व्हतं मी हाय म्हून?”

“व्हतं.”

“तरी छापलं.”

“व्हय.”

बानूबाईने कागदाची घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली. शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती उठली, भाकरीचं पीठ काढलं, आणि थापता थापता नवऱ्याला म्हणाली, “सकाळच्या गाडीनं जाते. लंगड्या शेळीकडं बघा.” मग यमाजीकडे न बघता म्हणाली, “दोन खाशील का तीन?”

गुरुवारी संध्याकाळी तिला आपल्या घरी बायकोजवळ सोडून यमाजी छापखान्यात गेला आणि हितेशला सगळं सांगितलं. न सांगता कचेरीत जाणं त्याला चोरासारखं वाटलं. हितेशने फायलीतला अंक काढून नमुना चार वाचला.

“काका! हे छापलं? कधी?”

“सनवारी. तुमीच पोस्टात टाकलं.”

“कोणी काही बोललं?”

“कुनी वाचलंच न्हाई.”

हितेशने सुस्कारा सोडला. “मग ठीक आहे,” तो म्हणाला.

यमाजीला वाटलं होतं की, इतक्या वर्षांत आता आणखी शिसारी यायची काही उरली नसेल. त्याने केसवर वाकून सगळे खाने एकदा बघितले, कुठे खिळा उलटा पडला नाही ना, आणि किल्ली टेबलावर ठेवली. “उद्या कचेरीत लिहून देतो. ह्या पेपराचा मी कोन न्हाई म्हून.”

“पण पप्पांनी किती विश्वासाने तुम्हाला...”

“त्यांचं नाव नका काढू, शेठ. ते शेजारी बसायचे.”

शुक्रवारी सकाळी आधी वकिलाकडे. हरकतीचा अर्ज यमाजीने स्वतः लिहिला होता, वळणदार, ‘एकमेव’ला अवतरणचिन्ह घालून. वकिलाचा कारकून पोच द्यायला कां कूं करू लागला, तेव्हा बानूबाई त्याच्या टेबलापुढे खाली फरशीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “दे सावकाश. आमाला मेंढरामागं बसायची सवय हाय.” बाराच्या सुमारास शिक्का पडला. हक्क मिळाला असं नव्हे. पण नाही म्हणून समजायची सोय गेली.

मग तालुक्याची कचेरी. हरकतीची एक प्रत आवक टेबलावर देऊन बानूबाई पायरीवर बसली आणि यमाजी दंडाधिकाऱ्यांच्या कारकुनापुढे उभा राहिला. अर्ज होता, सदर वृत्तपत्राचा मुद्रक व प्रकाशक म्हणून मी आजपासून राहिलो नाही. कारकुनाने गावदवंडीची फाईल शोधली. कपाटावरून अंकांच्या गुंडाळ्यांचा एक गठ्ठा खाली आला. प्रत्येकीची सुतळी हितेशचीच, गाठ हितेशचीच, आठ वर्षांत एकही न सुटलेली. कारकुनाने गठ्ठ्यावरच कागद ठेवून मजकूर नोंदवला.

“व्यवसाय? संपादक ना?”

“न्हाई. कंपोझिटर.”

“तसा आता कुठे असतो? बेकार लिहितो. करा सही.”

“वाचतो आधी,” यमाजी म्हणाला. आणि त्याने वाचलं. अक्षरं नव्हे, मजकूर. पहिल्या ओळीपासून, बोट न लावता, मागची रांग चुळबुळत असताना. एके ठिकाणी भिमाजीचं भीमाजी झालं होतं, तिथे दुरुस्ती करून घेतली. ‘बेकार’ मात्र त्याने तसंच राहू दिलं. ते खरं होतं. मग सही केली.

वळला तर रांगेत मागे कुशाबा उभा. भगवंतरावाचा ड्रायव्हर. नवा पांढरा शर्ट, केसाला तेल, हातात कोरा अर्ज. हितेशने रातोरात काम केलं होतं. एवढा उरक त्याने उभ्या जन्मात दाखवला नव्हता.

“अन्ना, बरं भेटला,” कुशाबाचे दात दिसत होते. “आता माजं नाव येनार पेपरात. मंडळी लई खूश हाय. पन हे बघा की, हितं ‘मालक’ असा रकाना हाय. ह्यात भाऊंचं लिव्हायचं का माजं?”

“पेपर कुनाचा हाय?”

“हाय भाऊंचाच. पन भाऊ म्हणलं, तुजं लिव्ह.”

“मंग मला कशाला इचारतो?” यमाजी म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. “कुशाबा, एक काम कर. समदं वाचून काढ आनि मंग सही कर.”

“वाचायला कोन बसतंय, अन्ना? जीप चालू ठिवलीया.” कुशाबाने अर्ज भिंतीवर दाबून धरला, जिभेचं टोक दातांत पकडलं आणि सही केली. मग हात लांब करून ती सही कौतुकाने पाहिली.

पायरीवरून बानूबाई उठली होती. पोच दिलेला कागद कमरेच्या पिशवीत खोचत तिने कुशाबाला खालपासून वरपर्यंत पाहिलं, बाजारात मेंढरू पाहावं तसं.

“कुनाचं हाय रं हे?” तिने यमाजीला विचारलं.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक. “आलो, भाऊ! दावून आनतो,” म्हणत कुशाबा कागद छातीशी धरून रांग सोडून धावत सुटला.